समुद्रातले वरवंटे

हौशीरामच्या कोल्ड स्टोरेजवरचा कुत्रा मेला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दगडांसाठीसुद्धा कोणी जीव घेऊ शकतं. कुत्र्याचं डोकं घणाने फोडलं होतं, आणि मी काम करीत असे त्या खोलीच्या उंबऱ्यावर त्याला आणून टाकलं होतं. भागू हमालाने त्याला मागच्या पायांना धरून उचललं, ओढ्याकाठी खड्डा खणून पुरलं आणि उंबऱ्यावर बादलीभर पाणी ओतलं. मग हात पुसत म्हणाला, “सायेब, हा सांगावा हाय. पुढचं डोकं कोणाचं, तेवढं सांगायचं इसरलं.”

ते कोल्ड स्टोरेज निरगुडसरच्या अलीकडे रस्त्याला लागून होतं, मुळात बटाट्यासाठी बांधलेलं. दोन हजार दोन साली त्याच्या बाकीच्या चेंबरांत बियाण्याचा बटाटा होता आणि शेवटच्या चेंबरात समुद्राच्या तळाखालचा दगड. मुंबईपासून दूर समुद्रात एका तेलक्षेत्रात दोन कंपन्यांची भागी होती. एकीला आपला वाटा विकायचा होता, दुसरीला तो घ्यायचा होता, आणि तळाखालच्या चुनखडीत तेल किती यावर दोघींचं जमत नव्हतं. विकणारे भरपूर म्हणत, घेणारे थोडं म्हणत. शेवटी पुण्यातले एक निवृत्त न्यायाधीश लवाद नेमले गेले. तेलाच्या विहिरीतून काढलेले दगडाचे गाभे दोघांच्याही ताब्यात नसतील अशा ठिकाणी ठेवायचे आणि दोघांशीही संबंध नसलेल्या माणसाने तपासायचे, असं त्यांनी ठरवलं. दगडातलं तेल उडून जाऊ नये म्हणून जागा थंड हवी होती. माझी सगळी नोकरी चुनखडी तपासण्यात गेली होती, आणि निवृत्तीनंतर मी घोडेगावला पुस्तकं घेऊन बसलो होतो. माझं नाव कोणी सुचवलं कोण जाणे. माझ्याहून जाणकार माणसं होती.

गाभे म्हणजे मनगटाहून जाड, हातभर लांबीचे दगडी दंडगोल. पेट्या उतरवताना हमालांनी एक उघडून पाहिली आणि तेव्हापासून त्यांचं नाव वरवंटे पडलं. “समुद्रात पाटं बी सापडत्यात का सायेब?” असं भागू मला रोज विचारी आणि रोज हसे. तो डिंभ्याच्या वरच्या डोंगरातला. पावसाळ्यात घरचं भात लावायचं आणि उरलेलं वर्ष हौशीरामकडे हमाली करायची. उजव्या हातातला लोखंडी आकडा गोणीत रुतवून तो ती अशी उचली, की गोणी आपणहून उठली असं वाटावं. बाकीच्या हमालांना एका गोणीला दोघं लागत. त्या एका हातावर त्याचं घर चालत होतं.

चुनखडीचं एक आहे, तिचा भरवसा नाही. ती शिंपल्यांची आणि बारीक जिवांच्या सांगाड्यांची बनते आणि नंतर पाणी तिला कुठे विरघळवतं, कुठे पुन्हा सांधून टाकतं. त्यामुळे एक तुकडा भोकाभोकांचा असतो आणि वीतभर अंतरावरचा दुसरा काचेसारखा भरीव. तेल राहतं ते भोकांत. दगडात पोकळी किती, त्या पोकळ्या आतून एकमेकींना मिळाल्या आहेत का, त्यांत तेल किती आणि खारं पाणी किती, हे तुकड्यातुकड्याने मोजायचं आणि मग थराच्या जाडीने आणि पसाऱ्याने गुणायचं. भरीव दगडही तितक्याच काळजीने मोजावा लागतो, कारण तो हिशेबातून वजा करायचा असतो. माझं मन कुठे झुकू नये म्हणून न्यायाधीशांनी पेट्यांवरचे खोलीचे आकडे खरवडून नुसती अक्षरं घातली होती. कोणता गाभा कुठल्या थरातला, हे बाहेरच्या कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. दगड प्रत्यक्ष पाहणारा मी एकटाच.

कुत्र्यानंतर थोड्याच दिवसांत बहिरू आला. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारा, मानेला घडी पडलेला जाडजूड माणूस. मोटरसायकल लावून सरळ माझ्या खोलीत शिरला.

“रामराम पावणं. तुमीच का ते दगड चाटणारे?”

मी खरोखरच दगड चाटतो. पोकळी असलेला कोरडा दगड जिभेला चिकटतो, भरीव चिकटत नाही. ही आमच्या लोकांची जुनी परीक्षा. मी मान हलवली.

“मी बैलाच्या तोंडात हात घालतो, तुमी दगडाला तोंड लावता. धंदा एकच की राव!”

तो माझ्या शेजारी बसला, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला. मग टॉवेलाखाली हात घालून त्याने माझी बोटं धरली. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून बोली करतात, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नाही. हे मी ऐकलं होतं, पण कुठलं बोट म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. त्याने आधी दोन बोटं धरली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग चारही आवळली.

“मला हे येत नाही,” मी म्हणालो.

त्याला वाटलं मी ताणतोय. त्याने पुन्हा बोटं दाबली, हाडं दुखेपर्यंत. “यापल्याड न्हाई. भरलेल्या दगडाला रिकामा म्हणून लिवायचं. एवढंच काम.”

“जे निघेल ते मी लिहितो.”

“काय?”

मी फार हळू बोललो होतो. पुन्हा म्हणालो आणि हात ओढून घेतला.

बहिरूने टॉवेल झटकला. “कापडाखालनं हात काढला की यवहार मोडला. आमच्यात त्याला लई वाईट मानत्यात.”

दारात भागू तोंड दाबून हसत होता.

“तू का दात काढतो रं?”

“मोजायचं का दात? बैलावानी तोंड उघडू?” असं म्हणून भागूने खरोखरच तोंड उघडलं.

बहिरू त्याच्याकडे पाहत राहिला. तोंडाकडे नाही, हातातल्या आकड्याकडे, मग मनगटाकडे. मग निघून गेला.

“लई मोठी बोली व्हती सायेब,” भागू दिवसभर हमालांना सांगत होता. “आन सायबांला कळलंच न्हाई! चार बोटं धरली त्यानं, चार!”

त्या आठवड्यात हौशीरामला बेदम मारलं. तो तहसील कचेरीतलं काम आटपून घोडेगावहून परत येत होता. वाटेतल्या पुलाच्या अलीकडे त्याची जीप अडवली, त्याला खाली ओढलं आणि जीपच्याच दारात त्याचं डोकं धरून दार आपटलं. एकदा नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला. तारेने बांधलेल्या दातांतून तो मला म्हणाला, “दगड हलवा.” बोलताना त्याच्या ओठांतून लाळ गळत होती आणि ती त्याला पुसता येत नव्हती. “बटाटा ठिवला असता तर जबडा ऱ्हायला असता माझा.”

मी पुण्याला फोन केला. रखवालदार पाठवतो, तोवर काम चालू ठेवा, असं न्यायाधीश म्हणाले. मी काम चालू ठेवलं. धैर्याने नव्हे, हातात दगड असला की मला बाकीचं काही सुचत नाही, म्हणून.

सोमवार होता, बेल्ह्याचा बाजार. हमाल तिकडे गेले होते आणि हौशीराम घरी पडून होता. भर दुपारी मी आणि भागू दगडांच्या चेंबरात होतो. तो पेट्या खाली काढत होता, मी बारदानाची पांघरूणं उलगडत होतो. बाहेर मोटरसायकली थांबल्याचा आवाज कॉम्प्रेसरच्या घरघरीत मला ऐकू आला नाही. दार उघडलं आणि उन्हाचा पट्टा आत आला. त्या पट्ट्यात बहिरू होता, मागे दोघं. एकाच्या खांद्यावर घण, दुसऱ्याच्या हातात पाण्याच्या पाइपाचा तुकडा.

“बाजार सोडून आलोय पावणं,” बहिरू म्हणाला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. “सगळे फोडायचे न्हाईत. सगळे फोडले तर जज विकणाऱ्याचं आयकणार, आसं मला समजावलंय. चांगले तेवढे फोडायचे, म्हंजी उरल्यालं सगळं भंगार दिसंल. आता चांगले कुठले, ते तू सांगणार.”

भागूने पेटी खाली ठेवली आणि कोणाला काही कळायच्या आत आकडा फिरवला. घणवाल्याचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. आतले दात दिसले आणि मगच रक्त आलं. घण खाली पडला. दुसऱ्याने पाइप भागूच्या कोपरावर घातला, मग गुडघ्यावर, मग पाठीवर. भागू खाली कोसळला तरी तो मारत होता. थंडीत लोखंडाचा आवाज फार कोरडा येतो. फाटक्या गालाचा माणूस एका हाताने गाल धरून भागूच्या बरगड्यांत लाथा घालत होता आणि रडत होता. मी भिंतीला चिकटून उभा होतो.

बहिरूने भागूचा उजवा हात ओढून पेटीच्या काठावर ठेवला. पाइपवाला मनगटावर गुडघा देऊन बसला.

“दात मोजायचं व्हतं न्हाई का रं? आज बोटं मोजू.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “चांगले कुठले? एकदाच इचारीन.”

दगडांचं काहीही होवो, असं मला वाटलं. मनापासून वाटलं. मी भोकाभोकांच्या, तपकिरी डागांच्या गाभ्यांकडे बोट दाखवलं. “हे. तेल ह्यांत आहे. हे फोडा. ह्याला सोडा.”

बहिरूने त्यातला एक उचलला. फिरवून पाहिला, भोकांत नख घातलं. नाकाला लावला. त्या चेंबरात अमोनियाचा वास इतका असायचा की डोळे चुरचुरत, आणि गोठलेल्या तेलाला वास नसल्यासारखाच. दगड त्याने हातात तोलला आणि खाली ठेवला. मग शेजारच्या पेटीतला भरीव गाभा उचलला, पांढरा, गुळगुळीत. तोही तोलला. कमरेची किल्ली काढून दोन्हींवर वाजवली. भोकांचा बद्द वाजला. भरीव घंटेसारखा वाजला.

“हा हलका,” तो म्हणाला. “किडलाय. वाजत बी न्हाई. आन हा बघ, कसा जड. जड म्हंजी भरल्याला. भोकात कुठं तेल टिकतंय? गळून नाय का जाणार?”

“नाही, तसं नसतं. भोकांतच...”

“इकडं आयुष्य गेलं माझं बैलं बघण्यात. इकणारा ज्या बैलाकडं बोट करतो ना, त्याच्याकडं मी बघत पण न्हाई. ज्याच्याम्होरं आडवा उभा ऱ्हातो, त्यो खरा माल.” त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. भिंतीला चिकटून मी उभा होतो तो बरोबर भरीव गाभ्यांच्या पेट्यांसमोर. मला माहीतही नव्हतं.

“मी खरं सांगतोय,” मी म्हणालो. या वेळी मी मोठ्याने म्हणालो.

“मला येडा समजतो?” बहिरू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. त्याने घण उचलला. “खोटं बोलल्याचं हे.”

पहिला घाव बोटांवर बसला. दुसरा त्याच जागी. भागूच्या तोंडून जो आवाज निघाला तो पहिल्या घावाचा. दुसऱ्या घावाला तो गप्प होता, फक्त त्याच्या टाचा फरशीवर घासत राहिल्या. पेटीची फळी तुटून बोटांत शिरली होती. लाकूड कुठलं आणि हाड कुठलं, ते कळत नव्हतं.

मग त्यांनी वाजणारे गाभे फोडले. प्रत्येक गाभ्यावर बहिरू किल्ली वाजवून बघे. बद्द वाजला तर बाजूला सारी, घंटेसारखा वाजला की घणाखाली. चिपा उडून भिंतीवर आपटत होत्या. एक माझ्या भुवईत घुसली. पांढरी भुकटी खाली साचलेल्या रक्तावर बसली आणि गुलाबी झाली. मी भागूचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि बहिरू मन लावून काम करत होता. एकदा त्याने दोन गाभ्यांवर पुन्हापुन्हा वाजवून पाहिलं, कारण त्याचं नक्की ठरत नव्हतं. चुकीचा माल घ्यायचा नाही, अशी त्याची सवय.

मंचरच्या दवाखान्यात भागूची मधली तिन्ही बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्याची बायको गोजरबाई डोंगरातून पहिल्या एसटीने आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. तिने विचारलं, “त्यानं इचारलं तवा तुमी खरं सांगितलं?”

“हो.”

“आन त्याला ते खोटं वाटलं.”

“हो.”

“मंग खोटं का न्हाई बोलला? तुमी त्या वाजणाऱ्या दगडाकडं बोट केलं असतं, तर त्यानं वाजवून बघितलं असतं, आन त्याला खरं वाटलं असतं. ह्यांचा हात ऱ्हायला असता. तुमचं दगड बी ऱ्हायलं असतं.”

ती रागावून बोलत नव्हती. पेरणीला बी कमी का पडलं, याचा विचार करावा तशी बोलत होती. मी तिचं म्हणणं सगळीकडून तपासून पाहिलं. त्यात चूक नव्हती.

पोलिसांनी बहिरूला धरलं आणि काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. त्याला पाठवणाऱ्यांचं नाव त्याने घेतलं नाही. पुण्याहून रखवालदार आले. मी चेंबर झाडायला घेतलं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की काहीच बुडालेलं नाही. भरीव दगड कुठूनही भरीवच असतो. त्याची चीप मोजली काय आणि अख्खा गाभा मोजला काय, उत्तर तेच येतं. भोकांच्या दगडाचं तसं नाही. एखादं भोक मुठीएवढं, एखादं मोहरीएवढं. तो अख्खाच मोजावा लागतो, फुटला की त्याची पोकळी हवेत मिळून जाते. फोडायला नको होते तेवढेच गाभे बहिरूने सोडून दिले होते, आणि फोडून चालणारे फोडले होते.

हात गळ्यात बांधून भागू कामावर आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो हसायला लागला. हसताना बरगड्या दुखत म्हणून थांबे, पुन्हा हसे. “म्हंजी बैल सोडून खुटाच घिऊन गेला की वो!” मग म्हणाला, “सायेब, मंग माझी बोटं कुठल्या हिशेबात धरायची?”

मी चिपा वेचत राहिलो.

काम सरत आलं. मी मधला अहवाल न्यायाधीशांना पाठवला, त्यांनी त्याची प्रत दोन्ही बाजूंना दिली. फुटलेले गाभे भरीव होते आणि तेलाचे शाबूत आहेत, हे त्यात लिहावंच लागलं. आता एकच मोजायचा राहिला होता, सगळ्यांत मोठ्या भोकांचा. अशा गाभ्याचं बाहेरचं आकारमान नीट काढणं अवघड असतं, आणि माझ्याकडून ते नीट होईल की नाही अशी धास्ती वाटून मी त्याला मागे मागे ढकलत होतो. शेवटी त्याला बाहेर काढलं. थंडी उतरावी म्हणून पातळ कागदात गुंडाळून माझ्या खोलीतल्या टेबलावर ठेवला होता.

त्या दिवशी दुपारी बहिरू पुन्हा आला. पुण्याच्या रखवालदारांना तो कोण हे माहीत नव्हतं. बटाट्याचा व्यापारी म्हणून त्याने फाटकावर नाव सांगितलं. एकटाच होता. एक डोळा सुजून मिटला होता, वरच्या ओठाला टाके होते, आणि चालताना तो डावा पाय ओढत होता. भागू खोलीत माझ्यासमोर बसून डाव्या हाताने चिपा पिशवीत भरत होता. तो उठला नाही.

“ज्यांनी धाडलं व्हतं त्यांनीच हे केलं,” बहिरू म्हणाला. “मारताना सांगत व्हते, म्हातारा खरं बोलत व्हता म्हणून.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू खरं का बोलला?”

मी दगडावरचा कागद नीट केला.

“बाजारात पोरं मला वरवंट्या म्हणत्यात. बैलाला हात लावला की म्हणत्यात, शेठ, वाजवून बघा.” तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. “भागू, तक्रार मागं घे. काय घ्यायचं ते बोल.”

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

भागू उठला. गळ्यातल्या पट्टीतून आपला उजवा हात सोडवून त्याने टॉवेलाखाली घातला.

“मोज,” तो म्हणाला.

बहिरूच्या तोंडाकडे मी पाहत होतो. त्याची बोटं कापडाखाली चाचपत होती. अंगठा सापडला असावा. मग पुढे सरकली आणि थांबली. पुन्हा मागे आली. टाक्यांच्या गाठी त्याच्या बोटांना लागत असणार.

“किती झालं? मधली तीन न्हाईत. बोली कशी करू? तू शिकव.” भागूने हात काढून घेतला नाही. “बरं, तोंडानं सांगतो. त्यो दगड हाय ना टेबलावर? त्याच्यावर हात ठेव तुझा. एकच घाव. मंग तक्रार मागं.”

टेबलावर माझा हातोडा पडला होता. तो भागूने डाव्या हाताने उचलला.

बहिरू दगडाकडे पाहत राहिला, मग दाराकडे, मग पुन्हा दगडाकडे. आणि त्याने हात ठेवला. टॉवेल हातावरच होता, तो त्याने काढला नाही. हात स्थिर होता.

मी ओरडलो. जन्मात इतक्या मोठ्याने मी कधी ओरडलो नव्हतो. मी ओरडलो, “त्या दगडावर नको!”

भागूने माझ्याकडे पाहिलं. एवढंच मला आठवतं, की त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हातोडा उचलला तेव्हाही तो माझ्याकडेच पाहत होता.

कडाड आवाज झाला. बहिरू किंचाळून मागच्या मागे भिंतीवर आदळला आणि हात पोटात धरून खाली बसला. टॉवेलावर काळसर डाग पसरत होता. त्याने डोळे घट्ट मिटून हात बाहेर काढला, आणि मग एक डोळा उघडला. बोटं सगळी होती. एका पेरावरची कातडी सोलली होती, तेवढंच. त्याने टॉवेलाकडे पाहिलं. तो नाकाला लावला.

“रॉकेल,” तो म्हणाला. “ह्याच्यात? ह्या किडक्यात?”

टेबलावर गाभ्याच्या फोडी पडल्या होत्या. ऊब लागलेल्या दगडाच्या भोकांतून तपकिरी तेल बाहेर येऊन टेबलाच्या फटीत जात होतं. सबंध खोलीला तो वास आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

भागूने हातोडा आपल्या मांडीला लावून पुसला. “डाव्याला अजून सवय न्हाई,” तो म्हणाला. “झाली की सांगावा धाडतो. तवा ये.”

बहिरू उठला. टॉवेल टाकून न देता त्याने तो घडी करून छातीशी धरला आणि पाय ओढत निघून गेला. तक्रार मागे घेतली गेली नाही.

तो गाभा मोजायचा राहिला तो राहिलाच. अहवालात मी त्या अक्षरापुढे लिहिलं, की मोजण्याआधी तुटला, पोकळी हिशेबात धरलेली नाही. त्यामुळे त्या तेलक्षेत्रातलं तेल माझ्या आकड्यात खऱ्याहून थोडं कमी आलं आहे. किती कमी, ते मला सांगता येत नाही.

अहवालाची शेवटची पानं लिहीत मी आणखी काही दिवस त्या खोलीत बसत होतो. दुपारी हमाल भाकरी खायला सावलीला बसले की मागच्या बाजूने आवाज सुरू होई. भागू फुटलेल्या गाभ्यांच्या चिपा कट्ट्यावर ओळीने मांडी, आणि डाव्या हातात हातोडा घेऊन एकेक फोडत पुढे जाई. सुरुवातीला घाव कट्ट्यावरच बसत. आवाज दिवसेंदिवस नेमका होत चालला होता.